कमी कर आणि जोडीदार : देश निवडण्याचं एक प्रकरण

वय ३४, अविवाहित, जर्मन नागरिक, बर्लिनमध्ये राहणारा फ्रीलान्स सॉफ्टवेअर डेव्हलपर. वर्षाला ९६,००० युरोची बिलं, तीन क्लायंट, सर्वांत मोठा जर्मन. स्वतःच्या मालकीचा छोटा फ्लॅट, बाजारभाव २,१०,००० युरो. मित्राच्या स्टार्टअप कंपनीत २ टक्के हिस्सा, ५०० युरोला घेतलेला, आजची किंमत ३०,०००. मागणी सरळ आहे: कर निम्म्याहून खाली यावा, आणि जिथे जाईल तिथे दोन-तीन वर्षांत एखाद्या स्त्रीशी टिकाऊ नातं जुळण्याची खरी शक्यता असावी. प्रकरण प्रातिनिधिक आहे आणि आकडे गोल केलेले आहेत. नियम मात्र प्रत्यक्षातले आहेत.

असा माणूस बहुधा दोन रकान्यांचा तक्ता करतो. एकात कराचे दर, दुसऱ्यात डेटिंगबद्दल ऐकीव माहिती. मग दोन्हींना गुण देऊन बेरीज. ही पद्धतच फसवी आहे, कारण हे रकाने वेगळे नाहीत. माणूस कुठल्या देशाचा करनिवासी हे ठरवताना कायदा त्याचं घर कुठे आहे, त्याची जवळची माणसं कुठे आहेत, तो दिवस कुठे घालवतो हे पाहतो. नातंही नेमकं याच गोष्टींवर उभं राहतं. त्यामुळे ‘वर्षातले फक्त ६० दिवस राहा आणि कर वाचवा’ अशी सोय कराच्या रकान्यात उत्तम दिसते आणि दुसऱ्या रकान्याची वाट लावते. आणि उलट, जोडीदार दुसऱ्याच देशात सापडला तर नीट बसवलेली कराची घडी विस्कटते.

आधी निघणं, मग पोचणं

या प्रकरणातलं सर्वांत महागडं पाऊल नवीन देशात नाही, जर्मनीत आहे. ‘१८३ दिवसांपेक्षा कमी राहिलो की सुटलो’ हा समज इथे चालत नाही. जर्मन करसंहितेच्या कलम ८ नुसार, राहण्याजोगी जागा तुमच्या ताब्यात असेल आणि ती तुम्ही ठेवणार-वापरणार आहात असं परिस्थितीवरून दिसत असेल, तर तेवढ्यावर निवास सिद्ध होतो. दिवस किती राहिलात हा पुढचा प्रश्न. म्हणजे फ्लॅट सजवलेला तसाच ठेवला, एक किल्ली खिशात आणि दोन सूटकेस माळ्यावर, वर्षातून दोनदा येऊन राहिला, तर जगभरच्या उत्पन्नावर जर्मन कर लागू राहतो. आईवडिलांकडे पाहुणा म्हणून उतरणं वेगळं. तिथे स्वतःची राखून ठेवलेली खोली आणि हवं तेव्हा येण्याची मुभा असेल तर प्रश्न उभा राहतो.

म्हणून फ्लॅट निघण्याआधीच बेमुदत भाडेकरारावर द्यायचा, भाडेकरू प्रत्यक्ष राहायला आलेला असला पाहिजे. भाड्याच्या उत्पन्नावर जर्मनीत कर लागतच राहील, त्याला इलाज नाही. पत्ता रद्द करण्याची नोंद, म्हणजे आब्मेल्डुंग, घर सोडण्याच्या आठवडाभर आधीपासून सोडल्यानंतर दोन आठवड्यांपर्यंत करता येते. तो कागद जपून ठेवायचा, पण तो फक्त एक पुरावा आहे. करखातं प्रत्यक्ष परिस्थिती पाहतं.

मग त्या २ टक्के हिश्श्याचा प्रश्न. कंपनीत १ टक्का किंवा जास्त हिस्सा असेल आणि गेल्या १२ वर्षांत किमान ७ वर्षं माणूस जर्मनीचा पूर्ण करनिवासी असेल, तर देश सोडताना हिस्सा विकला असं मानून कर लावतात. नफा २९,५००, त्यातला ६० टक्के करपात्र म्हणजे १७,७००, त्यावर ४२ टक्क्यांनी सुमारे ७,४०० युरो. पैसा हातात एकही आलेला नाही, कर मात्र देणं लागतं. सात वार्षिक हप्त्यांत भरण्याची परवानगी मागता येते, सहसा तारण देऊन. रक्कम इथे झेपण्यासारखी आहे. हाच हिस्सा २० टक्के असता तर अख्ख्या स्थलांतराचं गणित पुन्हा मांडावं लागलं असतं. २०२५पासून मोठ्या फंड-गुंतवणुकीलाही असाच नियम आहे: एका फंडात ५ लाख युरो किंवा अधिक खरेदीमूल्य असेल तर. या गृहस्थाच्या बाबतीत तो लागू नाही.

तिसरी अडचण फारच कमी लोकांच्या लक्षात येते. शेवटच्या १० वर्षांत ५ वर्षं पूर्ण करनिवासी असलेला जर्मन नागरिक कमी कराच्या देशात गेला आणि जर्मनीत त्याचे भरीव आर्थिक हितसंबंध राहिले, तर पुढची १० वर्षं त्याच्या जर्मनीशी जोडलेल्या उत्पन्नावर ‘विस्तारित मर्यादित करदायित्व’ राहतं, म्हणजे देश सोडूनही त्या उत्पन्नावर जर्मन कर लागू शकतो. भरीव कशाला म्हणायचं याच्या एका कसोटीत १,५४,००० युरोंच्या वरची मालमत्ता येते. फ्लॅट २,१०,०००चा आहे, म्हणजे हा गृहस्थ त्यात बसला. नव्या देशाशी जर्मनीचा दुहेरी करटाळणी करार, म्हणजे एकाच उत्पन्नावर दोन देशांचा कर टाळणारा करार, असेल तर या नियमाचे दात बरेच बोथट होतात. करार नसेल तर नाहीत. पुढे एका देशाचा निकाल लागायला हाच मुद्दा पुरला.

वेळ कुठली? वर्षाच्या मध्यावर निघालं तर उरलेल्या महिन्यांचं परदेशी उत्पन्नसुद्धा त्या वर्षीचा जर्मन कराचा दर चढवायला धरलं जातं. म्हणून डिसेंबरच्या अगदी अखेरीस निघणं सोयीचं.

चाळणी

पोर्तुगालचं नाव अजूनही सगळीकडे घेतलं जातं. नवीन येणाऱ्यांसाठी जुनी सवलतीची योजना २०२४च्या सुरुवातीपासून बंद आहे, आणि तिच्या जागी आलेली योजना ठरावीक व्यवसाय-संशोधनापुरती आहे. वगळलं.

थायलंडमध्ये १८० दिवस राहिलं की करनिवासी, आणि २०२४पासून बाहेर कमावून देशात आणलेल्या पैशावर करनिवाशांना कर लागतो, ३५ टक्क्यांपर्यंत. शिवाय स्थानिक कमाईच्या अनेक पटींनी ज्याची कमाई आहे, त्याच्याभोवती जमणाऱ्या माणसांमधून नातं ओळखणं कठीण जातं. ही त्या देशातल्या माणसांवरची टीका नाही. कमाईतली मोठी दरी दोन्ही बाजूंना मोकळेपणाने वागू देत नाही, आणि हे कुठल्याही देशात लागू आहे.

अँडोरा कराच्या बाबतीत फार सुटसुटीत: पहिल्या २४,००० युरोंवर शून्य, पुढच्या १६,०००वर ५ टक्के, त्यावर १० टक्के. पण देशाची लोकसंख्याच ८५ हजारांच्या आसपास. विमानतळ नाही, रेल्वे नाही, भाषा कॅटलान. काम करणाऱ्या रहिवाशाला अर्ध्याहून जास्त वर्ष तिथेच राहावं लागतं. चौतिशीतल्या माणसाला तिथे नव्याने भेटणारी माणसं महिन्याभरात संपतात, मग दर शनिवार-रविवार बार्सेलोना. जोडीदार बार्सेलोनात मिळाली की स्पेनचं करखातं पुढचा प्रश्न विचारणार.

जॉर्जियाचा १ टक्का सगळ्यांना भुरळ घालतो. लघुउद्योजकाचा दर्जा घेतला तर ५ लाख लारीपर्यंतच्या (लारी हे तिथलं चलन) उलाढालीवर १ टक्का. म्हणजे या गृहस्थाला वर्षाला ९६० युरो. खोच अशी की सल्लासेवा या दर्जातून वगळली आहे, आणि सॉफ्टवेअरच्या करारात ‘कन्सल्टिंग’ हा शब्द किती सहज येतो हे फ्रीलान्सरला सांगायला नको. बिलावर, करारावर आणि प्रत्यक्ष कामात जे लिहिलंय ते तपासलं जातं, आणि दर्जा गेला तर दर २० टक्के. मार्च २०२६पासून परदेशी स्वयंरोजगारितांनाही कामाचा परवाना लागतो. ज्याला पाच वर्षांचा पाया घालायचा आहे त्याच्यासाठी ही जमीन सध्या फार हलती आहे.

एक गोष्ट इथेच. समलिंगी व्यक्तीसाठी ही सगळी यादी उलटीपालटी होते. संयुक्त अरब अमिराती आणि मलेशियात समलिंगी संबंध गुन्हा आहेत. थायलंडमध्ये जानेवारी २०२५पासून समलिंगी विवाहाला मान्यता आहे, माल्टात २०१७पासून. सायप्रसमध्ये २०१५पासून नागरी सहजीवनाची नोंद होते. बल्गेरियात यातलं काहीच नाही. तेव्हा चाळणीची पहिली जाळी कराची न ठेवता कायद्याची ठेवावी.

दुबई

दुबईवर थोडं थांबायला हवं, कारण तिथला शून्य खरा आहे. व्यक्तीच्या उत्पन्नावर कर नाही. २०२३च्या जूनपासून आलेला ९ टक्के कंपनी कर स्वतःच्या नावावर धंदा करणाऱ्या व्यक्तीला लागतो तो वर्षाची उलाढाल १० लाख दिरहमच्या वर गेली तरच. ९६,००० युरो त्याच्या निम्म्यालाही पोचत नाहीत. करनिवासाचं प्रमाणपत्र १८३ दिवसांवर मिळतं. निवासपरवाना असून घर किंवा धंदा तिथे असेल तर ९० दिवसांवरही.

तरीही वगळलं, दोन कारणांनी. जर्मनी आणि अमिरातीमधला करार २०२१च्या अखेरीस संपला. म्हणजे वर सांगितलेलं दहा वर्षांचं शेपूट पूर्ण ताकदीनिशी मागे राहतं, आणि दोन्ही देशांनी हक्क सांगितला तर निवाडा करायला कराराचा आधार नाही. बर्लिनचा फ्लॅट विकून टाकला असता तर हे कारण बरंच सौम्य झालं असतं, पण तो विकायची त्याची तयारी नाही.

दुसरं कारण नात्याचं. अमिरातीच्या लोकसंख्येत सुमारे दोन तृतीयांश पुरुष आहेत, आणि बहुसंख्य रहिवासी नोकरीच्या व्हिसावर, म्हणजे नोकरी आहे तोवर. अविवाहितांनी एकत्र राहणं २०२० साली गुन्ह्यातून वगळलं. मात्र २०२१च्या दंडसंहितेनुसार विवाहबाह्य संबंधांबद्दल पती-पत्नी किंवा पालक तक्रार करू शकतात, आणि मूल झालं तर त्याची कायदेशीर नोंद करून घेण्याचं बंधन आहे. बहुतेकांना याचा त्रास होत नाही. पण ज्याचा हेतूच जोडीदार शोधण्याचा आहे, त्याने त्या स्त्रीच्या घरच्यांच्या तक्रारीवर आपलं नातं अवलंबून राहू शकतं हे आधी समजून घ्यावं.

लिमासोल की सोफिया

उरले दोन: सायप्रस (शहर लिमासोल) आणि बल्गेरिया (शहर सोफिया). दोन्ही युरोपीय संघातले, त्यामुळे व्हिसाचा प्रश्न नाही, आणि दोघांशीही जर्मनीचा करार आहे.

सायप्रसची खरी सवलत लाभांशावर आहे. बाहेरून आलेल्या, तिथलं मूळ निवासस्थान नसलेल्या माणसाला १७ वर्षं लाभांश-व्याजावरचा विशेष कर लागत नाही. म्हणून कंपनी काढावी लागते; स्वतःच्या नावावर बिलं केली तर दर ३५ टक्क्यांपर्यंत चढतो. हिशेब असा: ९६,०००मधून ६,००० खर्च, २०,००० पगार आणि त्यावरचे मालकाच्या वाट्याचे सामाजिक विम्याचे हप्ते गेले की ६७,००० नफा. २०२६पासून कंपनी कर १५ टक्के, म्हणजे सुमारे १०,०००. उरलेल्या ५७,००० लाभांशावर २.६५ टक्के आरोग्य-अंशदान, सुमारे १,५००. पगारावरचे दोन्ही बाजूंचे हप्ते मिळवून बेरीज १७,०००च्या घरात. त्यावर दरवर्षीचे हिशेब आणि लेखापरीक्षणाचा खर्च.

बल्गेरियात व्यक्तीला सपाट १० टक्के. फ्रीलान्स व्यावसायिकाला खर्चाच्या पावत्या न दाखवता उत्पन्नाच्या २५ टक्के ठोक वजावट मिळते. म्हणजे ९६,०००चे ७२,००० झाले. सामाजिक आणि आरोग्य विम्याच्या हप्त्यांना उत्पन्नाची कमाल मर्यादा आहे, त्यामुळे ते वर्षाला सुमारे ७,५००वर थांबतात. उरलेल्या ६४,५००वर १० टक्के, ६,४५०. एकूण १४,०००च्या आसपास, कंपनी न काढता. बर्लिनमध्ये हाच माणूस २०२५च्या दरांनी सुमारे २३,००० प्राप्तिकर आणि वर आरोग्यविम्याचे १०,०००हून अधिक भरत होता.

दोघांमधला वर्षाचा फरक तीनेक हजार. एवढ्यासाठी देश ठरवू नये. इथून पुढे निर्णय दुसऱ्या रकान्याचा.

सायप्रसच्या ६० दिवसांच्या नियमाचा मोह मोठा असतो: घर भाड्याने, कंपनी तिथली, इतर कुठल्याही एका देशात १८३ दिवसांपेक्षा जास्त नाही, की झाला करनिवासी. उरलेले ३०० दिवस फिरत राहणाऱ्या माणसाची प्रत्येक ओळख तिसऱ्या भेटीवर येऊन थांबते, कारण चौथ्या भेटीच्या वेळी तो तिथे नसतो. म्हणून या प्रकरणात अट अशी घातली की जो देश निवडायचा तिथे वर्षातले किमान २०० दिवस राहायचं, कायदा कमी मागत असला तरी.

चाचणी फेब्रुवारी-मार्चमध्ये घ्यावी, प्रत्येक शहरात सलग सहा आठवडे. मुद्दाम वाईट मोसमात. लिमासोल तेव्हा पर्यटकांविना असतं, सोफियात हिवाळी धुरकं असतं. जे आवडेल ते खरं आवडेल. अ‍ॅपवर जागा बदलून घरबसल्या अंदाज घेणं निरुपयोगी आहे, नवीन चेहऱ्याला सुरुवातीला सगळीकडेच प्रतिसाद येतो. पहिल्या आठवड्यात किती जणी बोलल्या हे मोजू नये. मोजायचं ते चौथ्या आठवड्यानंतर: अ‍ॅपबाहेर ओळखी किती झाल्या, दुसऱ्या भेटी किती झाल्या, बोलणं कुठल्या भाषेत रंगतं, आणि भेटलेल्यांपैकी कितीजण पुढच्या वर्षी त्याच शहरात असणार आहेत. हा शेवटचा प्रश्न सरळ विचारावा, कुणाला वावगं वाटत नाही.

पहिल्या काही दिवसांतच पैशाची, गुंतवणुकीची, क्रिप्टोची गोष्ट काढणारी व्यक्ती, किंवा भेटण्यासाठी ठरावीक बारचाच आग्रह धरणारी व्यक्ती, दोन्ही ठिकाणी ओळख तिथेच थांबवायची. बारच्या बाबतीत बिल आल्यावरच कारण कळतं.

लिमासोलमध्ये इंग्रजी सगळीकडे चालते, टेक कंपन्यांमुळे तरुण परदेशी भरपूर. पण अख्ख्या देशात सरकारच्या ताब्यातल्या भागाची लोकसंख्या दहा लाखांच्या आसपास, आणि परदेशी वर्तुळात ‘करार संपला की बघू’ हे उत्तर फार वेळा येतं. सोफियात बारा लाखांच्या वर माणसं, विद्यापीठं, आणि देशाच्या इतर भागांतून नोकरीसाठी आलेली, इथेच राहणार असलेली पिढी. तिशीच्या आतबाहेरच्या नोकरदारांशी इंग्रजीत संवाद होतो. जिच्याशी नातं जुळेल तिच्या आईशी आणि मैत्रिणींच्या गप्पांत मात्र होत नाही, म्हणून बल्गेरियन शिकणं पहिल्या महिन्यापासून, आठवड्याला किमान चार तास. लिपी सिरिलिक, ती दोन आठवड्यांत येते. एक बारीक गोष्ट: बल्गेरियात मान आडवी हलली तर ‘हो’, वर-खाली हलली तर ‘नाही’. परदेशी माणूस समोर असला की तरुण मंडळी कधी आपली पद्धत उलटवतात, त्यामुळे गोंधळ दुप्पट होतो. ‘पुन्हा भेटायचं का?’ याचं उत्तर मानेवरून न ओळखता शब्दांत ऐकावं: ‘दा’ म्हणजे हो, ‘ने’ म्हणजे नाही.

निवड सोफियाची.

कागद, क्रमाने

भाडेकरार करण्याआधी घरमालकाला एकच प्रश्न विचारायचा: या पत्त्यावर नोंदणी करायला लेखी संमती देणार का? बरेच मालक कराच्या भीतीने नाही म्हणतात, आणि पुढची सगळी साखळी इथे अडते. संमती नसेल तर घर कितीही छान असो, सोडून द्यायचं.

संघातल्या नागरिकाने तीन महिन्यांपेक्षा जास्त राहायचं तर स्थलांतर विभागाकडून निवासाचं प्रमाणपत्र घ्यायचं. त्यावर परदेशी माणसाचा वैयक्तिक क्रमांक मिळतो. मग बुलस्टॅट या सरकारी नोंदवहीत फ्रीलान्स व्यावसायिक म्हणून नाव, काम सुरू केल्यापासून सात दिवसांत महसूल खात्याला स्वयंविमाधारक म्हणून कळवणं. जर्मन कंपनीला पहिलं बिल पाठवण्याआधी व्हॅटची विशेष नोंदणी, बल्गेरियाच्या व्हॅट कायद्याच्या कलम ९७अ खालची. उलाढाल कितीही छोटी असली तरी संघातल्या दुसऱ्या देशातल्या व्यवसायाला सेवा दिली की ती लागते. हे बहुतेकांच्या हातून सुटतं, आणि दंड होतो.

दुसरी नेहमीची चूक विम्याच्या हप्त्यांची. महिन्याचे हप्ते किमान आधारावर भरता येतात, म्हणून वर्षभर खर्च फारच कमी वाटतो. ३० एप्रिलच्या वार्षिक विवरणात खऱ्या उत्पन्नानुसार कमाल मर्यादेपर्यंतचा फरक एकदम भरावा लागतो. म्हणून दरमहा ६२५ युरो वेगळ्या खात्यात टाकत राहायचं. प्राप्तिकराचे आगाऊ हप्ते पहिल्या तीन तिमाहींचे, तिमाही संपल्यावर पुढच्या महिनाअखेरीस.

जर्मन बँकेला नवा करक्रमांक लगेच कळवायचा. खात्यांची माहिती देशोदेशी आपोआप जाते, आणि जुना पत्ता राहिला तर माहिती जुन्या देशाच्या नावाने जाते. वर्ष संपलं की महसूल खात्याकडून करनिवासाचं प्रमाणपत्र मागून घ्यायचं. भाडेपावत्या, विमानतिकिटं, जिमची वर्गणी हे सगळं एका फोल्डरमध्ये.

नातं जुळल्यावर

दुसऱ्या वर्षी नातं जुळलं असं धरू, आणि तिला म्युनिकमध्ये चांगली नोकरी मिळाली. नेमकं हेच घडण्याची शक्यता जास्त, कारण शिकलेल्या बल्गेरियन तरुणांचा ओढा वर्षानुवर्षं पश्चिमेकडे आहे.

तो दर महिन्याला आठवडाभर म्युनिकला जाऊ लागला, तिच्या घराची किल्ली त्याच्याकडे आली. अविवाहित जोडप्यात जागा खरोखर त्याच्याही ताब्यात आहे का हे तपासलं जातं. भाडेकरारावर नाव घातलं, अर्धं भाडं भरलं की उत्तर स्पष्ट होतं. लग्न झालं तर कुटुंब जिथे राहतं तिथे निवास, असंच गृहीत धरलं जातं. मग तो दोन्ही देशांत निवासी ठरतो आणि कराराची पायरीपायरीची कसोटी सुरू होते: कायमचं घर कुठे, दोन्हीकडे असेल तर वैयक्तिक आणि आर्थिक हितसंबंधांचं केंद्र कुठे, तेही ठरेना तर नेहमीचं वास्तव्य कुठे, मग नागरिकत्व. बायको, घर, मोठा क्लायंट आणि पासपोर्ट जर्मनीकडे असताना सोफियातला भाड्याचा फ्लॅट फार काळ तग धरणार नाही.

म्हणून निर्णय नोकरी स्वीकारण्याच्या आधी, दोघांनी मिळून घ्यायचा. तिने सोफियातूनच काम करता येईल का हे मालकाला विचारणं हा पहिला पर्याय. तो नसेल तर त्याने अर्धवट न राहता सरळ म्युनिकला जावं, तारीख ठरवून, बल्गेरियातल्या नोंदण्या बंद करून.

लग्न करणार असतील तर त्याआधी एक कागद. संघाच्या २०१६/११०३ क्रमांकाच्या नियमानुसार, वेगळी निवड केली नाही तर लग्नानंतर दोघं पहिल्यांदा जिथे एकत्र राहायला लागतात त्या देशाचा कायदा मालमत्तेला लागतो. बल्गेरियात लग्नानंतर मिळवलेली मालमत्ता मुळात सामाईक असते. जर्मनीत मालमत्ता वेगवेगळी राहते आणि घटस्फोटाच्या वेळी लग्नाच्या काळात झालेल्या वाढीची वाटणी होते. कुठला कायदा हवा ते लेखी करारात लिहून घेता येतं, आणि बर्लिनचा फ्लॅट व स्टार्टअपचा हिस्सा असताना ते लिहावंच.

स्टार्टअपचा तो हिस्सा अजून विकलेला नसेल तर ते इथे कामाला येतं. सात वर्षांच्या आत पुन्हा जर्मनीत पूर्ण करनिवासी झाला, तर मूळच्या अटी पाळल्या असतील तर निघतानाचा ७,४०० युरोंचा कर रद्द होतो आणि भरलेली रक्कम परत मागता येते. त्यासाठी निघतानाचं करनिर्धारण, हिश्श्याच्या मूल्यांकनाचा कागद आणि परतल्यावरची पत्त्याची नोंद, ही तीन कागदपत्रं लागतील.